धर्माचा रकाना आणि आपलं नाव

 

आज जनगणनेविषयी बोलायचं आहे. जुनी माणसं तिला शिरगणती म्हणतात, खानेसुमारीही म्हणतात. २०२१ साली व्हायची ती शिरगणती राहून गेली. आता सरकारने जून २०२५ मध्ये तिची अधिसूचना काढली आहे. आधी घरांची यादी, मग फेब्रुवारी २०२७ मध्ये माणसांची मोजणी, असं ठरलं आहे. या वेळी सगळ्यांची जातही विचारणार आहेत. सगळ्यांची जात शेवटची मोजली होती १९३१ साली. त्यामुळे जातीच्या प्रश्नावर पारावर, चहाच्या टपरीवर भरपूर बोलणं चालतं. पण त्याच्या शेजारचा एक प्रश्न असतो, त्यावर कुणीच काही बोलत नाही. तो प्रश्न म्हणजे धर्म.

वाटतं, त्यात बोलायचं काय? एका शब्दाचं उत्तर. प्रगणक ओट्यावर येऊन बसतो. बहुतेक वेळा तो गावातल्या शाळेचा मास्तर नाहीतर बाई असते. घरातला कर्ता पुरुष उत्तर देतो, बायको आत चहा ठेवते. तो एक शब्द सांगतो आणि घरातल्या सहाही माणसांपुढे तोच शब्द पडतो. सासूला कुणी विचारत नाही, सुनेलाही नाही.

मैत्रिणींनो, सरकारी नियम असा नाही. २०११ च्या मोजणीत प्रगणकांना लेखी सूचना होती की घरप्रमुखाचा जो धर्म तोच सगळ्यांचा, असं धरून चालू नका. एका घरात दोन धर्मांची माणसं असू शकतात, म्हणून प्रत्येकाचा वेगळा विचारा. नावावरून, भाषेवरून, जातीवरून धर्म ठरवू नका. समोरचा माणूस सांगेल तो लिहा. हिंदू, मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध आणि जैन या सहा धर्मांना क्रमांक दिले होते. सातवं कुणी असेल तर त्याचं नाव पूर्ण लिहायचं. आणि कुणी म्हटलं, मी कुठलाच धर्म मानत नाही, तर तेही लिहायचं.

१९४८ च्या जनगणना कायद्यात आपल्यासाठी आणखी एक गंमत आहे. उत्तरं देणं सगळ्यांना बंधनकारक आहे, पण बाईने नवऱ्याचं नाव सांगितलंच पाहिजे अशी सक्ती नाही. रूढीने ज्याचं नाव घ्यायचं नाही, त्याचं नाव न घेण्याची मुभा कायद्याने ठेवली आहे. म्हणजे उखाणा घेतल्याशिवाय नाव न घेणाऱ्या आपल्या आज्यांचा विचार कायदा करणाऱ्यांनीही केला होता! नवऱ्याचं नाव सांगू नका हवं तर. स्वतःचा धर्म मात्र स्वतःच्या तोंडाने सांगा. आजचं आमचं सांगणं एवढंच आहे, आणि ते का, हे आता आपल्या नाशिकच्याच माणसांच्या गोष्टींतून सांगतो.

पहिली गोष्ट लक्ष्मीबाई टिळकांची. नाशिकजवळच्या जलालपूरला १८६८ साली त्यांचा जन्म झाला. घर ब्राह्मणाचं, वडिलांचं सोवळं भयंकर कडक. अकरा वर्षांच्या आसपास लग्न झालं, नवरा नारायण वामन टिळक, कवी माणूस. १८९५ साली टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि ते ख्रिस्ती झाले. आता विचार करा. त्या वेळी प्रगणक घरी आला असता आणि कर्त्या पुरुषाने उत्तर दिलं असतं, तर बायकोच्या नावापुढेही 'ख्रिस्ती' पडलं असतं. पण लक्ष्मीबाई ख्रिस्ती नव्हत्या. त्यांनी नवऱ्यापाठोपाठ धर्म बदलला नाही. काही वर्षं त्या मुलाला घेऊन वेगळ्या राहिल्या. पुढे नवऱ्याकडे आल्या, त्याही हिंदू म्हणूनच, आपला स्वयंपाक आणि सोवळं सांभाळून. एका संसारात दोन धर्म नांदत होते. हळूहळू त्यांच्या मनातली जातपात गळून पडली आणि १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. नवऱ्यानंतर पाच वर्षांनी, स्वतःच्या मनाने.

शाळेची पायरी धड न चढलेल्या या बाईने हे सगळं 'स्मृतिचित्रे' या पुस्तकात लिहून ठेवलं. १९३६ साली नाशिकलाच त्या वारल्या. ती पाच वर्षं आम्हाला फार मोलाची वाटतात. नवऱ्याचा धर्म तोच बायकोचा, हे त्यांनी गृहीत धरू दिलं नाही. त्यांचं अंतिम उत्तर काय आलं, यापेक्षा ते त्यांनी स्वतः दिलं, हे आपल्याला शिकण्यासारखं.

दुसरी गोष्ट एका बाईची नाही, लाखो बायांची आहे. २ मार्च १९३० ला नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी दादासाहेब गायकवाड त्याच्या पुढे होते. सत्याग्रहात बायकाही होत्या, लेकरं घेऊन आलेल्या होत्या. मागणी साधी होती. शिरगणतीत आम्हाला हिंदू म्हणून मोजता, मग हिंदूंच्या देवळाचं दार आम्हाला बंद का? काही वर्षं सत्याग्रह चालला, दार उघडलं नाही. मग १३ ऑक्टोबर १९३५ ला आपल्याच जिल्ह्यात, येवल्याला, बाबासाहेबांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो हे माझ्या हातात नव्हतं, पण हिंदू म्हणून मरणार नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा झाली.

आता शिरगणतीचे आकडे ऐका. आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत १९५१ साली बौद्ध होते २,४८७. अडीच हजारसुद्धा नाहीत. १९६१ साली ते झाले २७,८९,५०१. दहा वर्षांत अडीच हजारांचे जवळपास अठ्ठावीस लाख. माणसं कुठून बाहेरून आली नव्हती. तीच माणसं, तीच घरं, तीच गावं. फक्त दारात आलेल्या प्रगणकाला त्यांनी सांगितलं, 'बौद्ध लिहा'. काळारामाचं दार त्यांना उघडता आलं नव्हतं, पण स्वतःच्या नावापुढचा रकाना त्यांनी स्वतः भरला. एका शब्दाची ताकद ती ही.

पण त्याच रकान्याशी भीतीही जोडलेली आहे. १९५० च्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीच्या सवलती फक्त हिंदूंना होत्या. १९५६ साली शिखांना मिळाल्या. बौद्धांना राज्याने आधीपासून सवलती दिल्या, पण केंद्राच्या कायद्यात त्यांचं नाव १९९० साली आलं. या मधल्या काळात कितीतरी घरांत मनाने बौद्ध, विहारात जाणारी, पण कागदावर हिंदू, अशी माणसं राहिली. अजूनही काही घरांत ही भीती आहे. म्हणून स्पष्ट सांगतो. धर्म बौद्ध लिहिल्याने अनुसूचित जातीचा हक्क जात नाही. फक्त धर्म आणि जात हे दोन वेगळे प्रश्न आहेत हे लक्षात ठेवा. धर्माच्या प्रश्नाला बौद्ध सांगितलं, तरी जातीच्या प्रश्नाला केंद्राच्या यादीतली जातच सांगावी लागते. त्या यादीत 'बौद्ध' किंवा 'नवबौद्ध' नावाची जात नाही.

ख्रिस्ती झालेल्या दलित बहिणींचं दुखणं वेगळं आहे. त्यांना केंद्राच्या कायद्याने अनुसूचित जातीत धरलेलं नाही. हा प्रश्न कितीतरी वर्षं कोर्टात फिरतो आहे, २०२२ साली त्यावर केंद्राने आयोगही नेमला. त्यामुळे रविवारी प्रार्थनेला जाणाऱ्या, पण कागदावर दुसरंच काही लिहिणाऱ्या बाया असतात. त्यांना कुणी खोटारड्या म्हणू नये. लेकराची शिष्यवृत्ती एका बाजूला आणि मनातला देव दुसऱ्या बाजूला, अशा कात्रीत बाई सापडली तर ती काय करेल, हे आपल्या प्रत्येकीला समजतं.

आदिवासी बहिणींना ही कात्री नाही. अनुसूचित जमातीचा हक्क धर्मावर अवलंबून नाही. सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबक, इगतपुरी, दिंडोरी या पट्ट्यातल्या कोकणा, महादेव कोळी, वारली, भिल्ल बायांनो, तुमच्या धर्माच्या उत्तराने जमातीच्या प्रश्नाला धक्का लागत नाही. २०११ च्या मोजणीत आपल्या जिल्ह्यात ६१ लाखांवर माणसं होती आणि त्यांत चौथा हिस्सा आदिवासींचा होता. त्यांच्याकडे डोंगऱ्या देव आहे, वाघदेव आहे, हिरवा आहे, सप्तशृंगीही आहे. याला एका शब्दात काय म्हणायचं? कुणी हिंदू म्हणतं, कुणी म्हणतं आमचा धर्म आदिवासी. तिकडे झारखंडच्या बाजूला २०११ साली जवळपास पन्नास लाख लोकांनी 'सरना' असं आपल्या धर्माचं नाव लिहवून घेतलं. त्या नावाला छापील क्रमांक नव्हता, तरी त्यांनी सांगितलं म्हणून ते लिहिलं गेलं आणि मोजलंही गेलं. तुम्ही काय सांगायचं हे आम्ही सांगणार नाही. पाड्यावर बसा, बोला, आणि मग तुमचं तुम्ही ठरवा.

उत्तर खरं दिलं तर गावात कळेल का, हीही भीती असते. कायदा सांगतो की जनगणनेत दिलेलं उत्तर गुप्त ठेवायचं. ते दुसऱ्या कुणाला बघायला मिळत नाही, कोर्टात पुरावा म्हणून वापरता येत नाही. प्रगणक गावचाच असला तरी त्याला ते बाहेर बोलता येत नाही. ओट्यावर चार माणसं जमली असतील तर प्रगणकाला घरात बोलवा. तो तुमचा हक्क आहे.

आता दुसऱ्या बाजूकडे येऊ. सरकारचा रकाना सांगतो की महाराष्ट्रात २०११ साली शंभरात जवळपास ८० हिंदू, साडेअकरा मुस्लिम, सहाच्या जवळ बौद्ध, सव्वा जैन आणि एकाच्या आसपास ख्रिस्ती होते. पण रकाना हे सांगत नाही की यांतलं कोण कुठल्या मंडळीत बसतं, कुणाला आत घेतात आणि कुणाला उंबऱ्याबाहेर ठेवतात. ते कळतं दुसऱ्या नोंदींतून, आपल्या आपल्या समाजाच्या वहीतून.

वारकऱ्यांकडे वही नसते. गळ्यात तुळशीची माळ घातली, वारी धरली, की बाई वारकरी. त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांची पालखी पंढरपूरला निघते. तिच्या दिंडीत डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया पुढे असतात. कुंभमेळ्यात याच्या अगदी उलट. तिथे तेरा आखाडे, प्रत्येकाची दीक्षा वेगळी, शैवांचं स्नान त्र्यंबकला आणि वैष्णवांचं नाशिकच्या रामकुंडावर. चर्चमध्ये बाप्तिस्म्याची वही असते, लग्नाची असते, दफनाची असते. ज्याचं नाव वहीत, त्याला लग्नाचा दाखला आणि दफनभूमीत जागा. मुस्लिम बहिणींच्या निकाहनाम्यावर वधूचं नाव, तिची संमती आणि मेहरची रक्कम असते. ती प्रत आपल्या पेटीत आहे की नाही, हे बघून ठेवणं किती कामाचं असतं, ते तलाकच्या वेळी कळतं.

माणसाला आपल्यात घेण्याचे, न घेण्याचे हे नियम माणसांनीच केले आणि माणसांनीच बदलले. नाशिकच्या शरणपूर रोडवरून आपण सगळ्या जणी गेलो आहोत. १८५४ साली तिथे मिशनऱ्यांनी शरणपूर नावाचं गाव वसवलं. धर्म बदलल्यामुळे घरादारातून काढलेल्यांना तिथे आसरा मिळाला. समुद्रावर गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकेतली मुलंही तिथे वाढली, सुतारकाम, लोहारकाम शिकली. ती आपल्या नाशिकच्या मातीत खेळली आणि त्यांतली काही पुढे मोठी होऊन आफ्रिकेत परत गेली. आणि लक्ष्मीबाईंचे पती टिळक, त्यांनी १९१७ साली 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांनाही जागा होती आणि न घेतलेल्यांनाही. वही मोठी करता येते, दार रुंद करता येतं, हे त्यांनी दाखवलं.

दार बायकांनाही अडवतं. २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयात सरकारला मान्य करावं लागलं की ज्या देवळात पुरुषांना जाता येतं, तिथे बाईला बाई म्हणून अडवता येणार नाही. त्याचा कायदा १९५६ पासून होताच, साठ वर्षं कुणी पाळत नव्हतं. त्याच वर्षी त्र्यंबकेश्वरच्या गाभाऱ्यात बायका गेल्या. कागदावर त्या आधीही हिंदूच होत्या ना? रकान्यात नाव असणं आणि गाभाऱ्यात पाय असणं, यांत एवढं अंतर होतं.

मैत्रिणींनो, आता थोडं मागे, दोन हजार वर्षं मागे जाऊ. नाशिकच्या बाहेर मुंबईच्या रस्त्याला त्रिरश्मी लेणी आहेत, आपण त्यांना पांडवलेणी म्हणतो. शाळेची सहल जाते, पोरं पायऱ्या मोजतात. तिथल्या भिंतींवर लेख कोरलेले आहेत. तीन नंबरचं लेणं कुणी दिलं? गौतमी बलश्री नावाच्या बाईने. ती सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आई. लेणं दिलं बौद्ध भिक्खूंना, आणि त्याच लेखात आपल्या मुलाची स्तुती केली आहे ती अद्वितीय ब्राह्मण म्हणून. सांगा, तिच्या धर्माच्या रकान्यात काय लिहायचं? दहा नंबरच्या लेण्यात दक्षमित्रा या राजकन्येने दिलेली खोली आहे. चैत्यगृहाच्या लेखात भट्टपालिका नावाच्या बाईचं नाव आहे, ते काम तिने पुरं केलं. या बाया कुणाच्या आई, कुणाच्या मुली, कुणाच्या बायका म्हणून लिहिलेल्या आहेतच, पण त्यांचं स्वतःचं नावही दगडात आहे. दोन हजार वर्षं पाऊस झेलून ते टिकलं.

आता आपल्या गावच्या वहीकडे बघू. सप्ताहाची वर्गणी बाया गोळा करतात, पोळ्या बाया लाटतात. देवळाचं अंगण झाडतात बाया. चर्चच्या सणाला जेवण रांधतात, विहारात वंदनेला पहिल्या रांगेत बसतात. पावतीवर नाव कुणाचं? घरच्या पुरुषाचं. ट्रस्टच्या यादीत नाव कुणाचं? तेही पुरुषांचं. देऊळ, चर्च, विहार यांचा ट्रस्ट नोंदलेला असेल, तर विश्वस्तांची यादी नाशिकच्या धर्मादाय कार्यालयात असते. वक्फच्या मिळकतीची नोंद वक्फ मंडळाकडे असते. या नोंदी गुप्त नसतात. उतारा मागता येतो. उताऱ्यात किती बाया आहेत हे वाचायला वकील लागत नाही, सातवी शिकलेली पोरगीही वाचून दाखवेल.

आमचं म्हणणं कुणी चुकीचं घेऊ नये. धर्म बदला, असं आम्ही सांगत नाही. बदलू नका, असंही नाही. तो ज्याचा त्याचा प्रश्न. आमच्या बोलण्याचा मुद्दा एकच, की रकाना असो की वही, आपल्या नावापुढचा शब्द आपल्या तोंडून गेला पाहिजे आणि आपलं नाव आपण जिथे राबतो तिथे लिहिलेलं असलं पाहिजे.

म्हणून या महिन्यात गटाच्या बैठकीत तीन कामं करा.

पहिलं काम. हप्ते गोळा झाले की अर्धा तास शिरगणतीवर बोला. प्रत्येकीने घरी सांगून ठेवायचं की प्रगणक आला तर मलाही ओट्यावर बोलवा, माझं उत्तर मी देईन. सासूबाईंनाही विचारा, त्यांचं काय लिहायचं. कदाचित त्यांना आजवर कुणी विचारलंच नसेल. एकमेकींचं उत्तर मात्र एकमेकींनी ऐकून घ्यायचं, टोकायचं नाही. गटात सगळ्या धर्मांच्या बाया असतात आणि गट टिकतो तो त्यामुळेच.

दुसरं काम. आपले कागद एका पिशवीत ठेवा. जातीचा किंवा जमातीचा दाखला, लग्नाची नोंद, निकाहनामा किंवा बाप्तिस्म्याचा दाखला, मुलांचे जन्माचे दाखले. कुठल्या कागदावर कोणता धर्म लिहिला आहे, हे एकदा नीट वाचा. वेगवेगळं लिहिलेलं निघालं तर घाबरू नका. दाखला काढायच्या आधी, मुलांच्या प्रवेशाच्या ऐन गर्दीत कळण्यापेक्षा ते आता कळलेलं बरं.

तिसरं काम. पुढच्या सप्ताहाला, उरुसाला, नाताळला, बुद्धपौर्णिमेला वर्गणी द्याल तेव्हा पावती स्वतःच्या नावाने मागा. पावती फाडणारा हसेल. हसू द्या. दोनदा मागितली की तिसऱ्यांदा तो न विचारता तुमचं नाव लिहील. आणि दोन-तीन वर्षांनी विश्वस्त निवडायची वेळ आली, की पावतीपुस्तकातली ती नावं कामाला येतील.

प्रगणक दारात येईल तेव्हा हातातलं पीठ झटका, पदर सारखा करा आणि ओट्यावर येऊन बसा. चहा त्या दिवशी घरातल्या दुसऱ्या कुणी केला तरी चालेल.